बायकांच्या वॉर्डात एकटीच बाई

"नवऱ्याला विचारून आलीस का?"

पक्षाच्या कार्यालयात टेबलापलीकडे पाच पुरुष बसले होते. मधोमध आमचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. अलीकडे मी. पन्नाशीला टेकलेली, ठेवणीतल्या कांचीपुरम साडीत, हातात अर्ज. चेन्नईतला आमचा तिरुवल्लिकेणीचा वॉर्ड त्या वर्षी महिलांसाठी राखीव झाला होता. तिकिटासाठी मुलाखती चालू होत्या.

आता गंमत ऐका. बाहेरच्या बाकावर माझ्या आधी नऊ इच्छुक होते. नऊच्या नऊ पुरुष. प्रत्येकाच्या खिशात बायकोचा पासपोर्ट फोटो. बायका घरी. महिला वॉर्डाच्या मुलाखतीला सदेह हजर असलेली बाई मी एकटी. मला बघून एकजण सरकून बसला. "या अक्का. चहा आणलात का?"

दार उघडंच होतं. त्या नऊ जणांना अण्णा विचारत होते, बूथवर माणसं किती, मागच्या वेळी कुठे कमी पडलो. माझी पाळी आली आणि बूथ गायब. एकदम नवरा.

मी म्हणाले, "विचारलं की. तो म्हणाला, अण्णांनी वहिनींना विचारलं का, ते आधी बघून ये."

कुणी हसलं नाही. एरवी हीच माणसं माझ्या नकलांवर लोळतात.

मग दुसरा म्हणाला, "तू मराठीवाली. तुझी माणसं इथं कितीशी?"

आम्ही तंजावरचे मराठी. चार पिढ्या याच गल्लीत. घरात आमची जुनाट मराठी, तीत निम्मं तमिळ. अण्णांच्या घरात तेलुगू बोलतात. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

शेवटी अण्णा बोलले. अगदी प्रेमाने. "अक्का, राग मानू नकोस. तुझा आवाज फार मोठा आहे. बाईचा एवढा मोठा आवाज लोकांना आवडत नाही."

माझा आवाज! बावीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत प्रचाराच्या रिक्षांतून गल्लोगल्ली फिरतो, तो आवाज माझा. "तुमच्या घरचा मुलगा, तुमच्या दारात!" असं मी सुरू केलं की मॅन्शनमधली, म्हणजे इथल्या भाड्याच्या खोल्यांमधली, एकटी राहणारी पोरं साबण लावलेल्या तोंडाने खिडकीत येतात. अण्णा दोनदा निवडून आले ते या आवाजावर. सभा संपली की सत्कार. शालींचं ताट माझ्या हातात, शाली पुरुषांच्या खांद्यावर. अण्णा माईकवर ओरडतात तेव्हा मानेच्या शिरा फुगतात, कर्णा फाटतो. लोक म्हणतात, सिंह. मी मोठ्याने बोलले की नळावरची भांडखोर.

तिकीट मिळालं अण्णांच्या धाकट्या भावाच्या बायकोला. चार दिवसांनी मला निरोप आला. रेकॉर्डिंगला ये.

मी गेले. हो, गेले. घाण्याच्या बैलाला वाट सांगावी लागत नाही.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेली एक खोली. हातात कागद दिला. "मी तुमच्या घरची मुलगी. माझा आवाज हाच तुमचा आवाज." पोस्टरवर हात अण्णांच्या भावजयीने जोडायचे, बोलायचं मी. ती शेजारीच बसली होती. तिशीची, मांडीवरची पर्स घट्ट धरून.

"पोरी, तूच का नाही बोलत?"

"बोलू नकोस असं सांगितलंय, अक्का." मग हळूच म्हणाली, "उभी राहतेस का, तेही कुणी विचारलं नाही. पोस्टर लागल्यावर कळलं."

माझी सगळी थट्टामस्करी तिथे संपली. रडू आलं नाही. चीड आली, आणि ती माझीच. मोठा आवाज नको म्हणून मला घरी बसवलं. तोच आवाज हिच्या तोंडावर झाकण ठेवायला हवा होता. ते झाकण मी होणार होते. स्वतःच्या पायांनी चालत आले होते.

मी हेडफोन काढले. पाच मिनिटांत अण्णांचा फोन. "अक्का, रिक्षा उभ्या आहेत. झालं काय?"

"अण्णा, माझा आवाज फार मोठा आहे. लोकांना आवडत नाही."

आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अपक्ष म्हणून अर्ज भरला. रिक्षा नाही, कर्णा नाही. दारोदार चालले. पडले. चांगलीच आपटले. ती निवडून आली. वॉर्डाच्या बैठकीत तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो, ती मागे उभी राहते. गल्लीत मला बघून मान खाली घालते. हरण्यापेक्षा ते जास्त लागतं.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. परवा अण्णांचा माणूस घरी आला. "अक्का, झालं गेलं विसरा. अण्णांनी कागद पाठवलाय." मी कागद घेतला, उमेदवाराचं नाव खोडलं, त्या जागी माझं लिहिलं आणि परत दिला.

"हा वाचते. खणखणीत वाचते."

तो चहा अर्धा टाकून गेला.

ज्या कागदावर माझं नाव नाही, तो मी वाचणार नाही. अर्ज भरणार. पडले तर पुन्हा भरणार. आणि त्याआधी शुक्रवारी वॉर्डाची बैठक आहे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या खुर्चीवर तिचा नवरा टेकला की उठून विचारणार आहे, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं:

"बायकोला विचारून आलास का?"