वाळवंटात रंग भरू नये

श्रीमती शकुंतला वाघमारे, उमरगा. आमच्या इतिहास-भूगोलाच्या बाई. दहावीनंतर मला डिप्लोमाला पाठवा, हे सांगायला त्या आमच्या घरी आल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. म्हणून त्यांचं नाव आधी. त्यांनी शिकवलेल्या पद्धतीने रंगवलेला नकाशा हॅम्बर्गमधल्या एका संग्रहालयाने नापास केला, त्याची ही हकीकत.

"शाई सांडल्यासारखं दिसतंय," फ्राउ झायडेल म्हणाल्या. त्या संग्रहालयातल्या जुन्या अरबी वस्तूंच्या तज्ज्ञ. आमची हॅम्बर्गची कंपनी संग्रहालयांसाठी टचस्क्रीन बनवते. या वेळी जेवणाच्या टेबलाएवढा स्क्रीन होता आणि त्यावर नकाशा. खालची पट्टी बोटाने सरकवली की वर्षं पुढे जातात आणि मदिनेतून निघालेलं इस्लामी राज्य पसरत जातं. दमास्कस, इजिप्त, इराण, एका टोकाला स्पेन, दुसऱ्या टोकाला सिंध. मी त्याला हिरवा रंग दिला होता. एकसारखा, कुठे डाग नाही.

"हेर जाधव, इथे कोण राहतं?" त्यांनी अरबस्तानच्या दक्षिण भागात मधोमध बोट टेकवलं. इथे बाईंना फ्राउ आणि पुरुषाला हेर म्हणतात.

"कोणी नाही. वाळवंट आहे."

"मग ते हिरवं कसं?"

माझा बॉस येन्स मध्ये पडला. "आल्झो, हे बघा, नकाशे असेच असतात."

"शाळेतले," त्या म्हणाल्या.

हे मला लागलं, कारण खरं होतं. आमच्याकडे नकाशा भरताना रंगीत पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडतात. ती भुकटी कागदावर टाकायची आणि कापसाच्या बोळ्याने हलकेच पसरवायची. रेघ दिसली तर मार्क कमी. मी तेच कॉम्प्युटरवर केलं होतं. मला मोजक्याच वर्षांच्या सीमा ठाऊक होत्या. मधल्या वर्षांत सीमा कुठे असेल, ते कॉम्प्युटर अंदाजाने ठरवतो. त्याला इंटरपोलेशन म्हणतात. अंदाज गुळगुळीत असतो, म्हणून खरा वाटतो.

फ्राउ झायडेल थांबल्या नाहीत. "फौज आली त्या दिवशी इजिप्तचा शेतकरी बदलला का? दमास्कसच्या कचेरीत कितीतरी वर्षं कारभार ग्रीक भाषेतच चालत होता. इराणात लोक पिढ्यान्‌पिढ्या आपला जुना धर्म पाळत होते. तुमच्या नकाशात सगळे एका सेकंदात हिरवे."

माझी प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ. नकाशा पास झाला नाही तर तूही नाहीस, हे येन्सने कॉफी ओतता ओतता सांगून टाकलं होतं. इथे असं सरळ सांगतात, त्यात राग नसतो. पुण्यात बायको आणि मुलगी बॅगा भरायच्या की नाही, हे विचारत होत्या. मी दोघींना "बघू" म्हणत होतो.

मी फ्राउ झायडेलना विचारलं, "मग तुम्हाला नक्की काय माहीत आहे, तेवढंच सांगाल?"

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि एक खण उघडला. आत चांदीचे दिरहम होते. पातळ, नखासारखे. काही तर इथे उत्तरेत, बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडलेले. त्यांच्यावर राजाचं चित्र नाही, फक्त अक्षरं. त्या वाचत गेल्या. वासित. दमास्कस. बसरा. मर्व. नाणं कोणत्या गावी आणि कोणत्या साली पाडलं, ते त्या नाण्यावरच लिहिलेलं. मला अरबी येत नाही. पण ती नावं ऐकताना खोलीतल्या खोलीत कोणी लांबून पत्ता सांगत असल्यासारखं वाटलं.

घरी जाताना मी फेरीबोट पकडली. पाऊस होता. एल्बे नदीच्या काठावर बंदराचे दिवे एकेक करून येत होते, आणि त्यांच्यामध्ये नुसता अंधार. मी काचेला डोकं टेकवलं. डोळे मिटले तरी दिवे दिसत राहिले. एक बसरा वाटला, एक कूफा. दोन्ही आधी फौजेच्या छावण्या होत्या, तंबूंची शहरं झाली. नाईलच्या काठी फुस्तात तसंच. बोट धक्क्याला लागली, तेव्हा मी मनाने आणखी पश्चिमेला, कैरवानला पोचलो होतो.

सकाळी येन्सला माझा बेत सांगितला.

"आबनामे पुढच्या आठवड्यात आहे आणि तू नकाशा पुसतोयस?" आबनामे म्हणजे ग्राहकाने काम तपासून ताब्यात घेणं.

"नकाशा नाही. रंग."

"रंगच तर नकाशा आहे, मेन्श, बाबा रे!"

"येन्स, तो तसाही नापास झालाय."

"गेनाऊ, अगदी खरं," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "कर."

आबनामेच्या दिवशी दालनातले दिवे मालवले. टेबल काळं होतं. मग मदिना उजळली, अगदी लहान. त्यानंतर दमास्कस, बसरा, कूफा. काफिल्यांच्या वाटा विहिरीपासून विहिरीपर्यंत मंद सरकत होत्या. बाकी वाळवंट काळंच राहिलं. पश्चिमेला कोर्दोबा लागलं, पूर्वेला समरकंद, सिंधमध्ये मन्सुरा. बगदाद लागलं तेव्हा येन्सचा चेहरासुद्धा सोनेरी झाला. राज्य फुटत गेलं. कोर्दोबा तर बगदादच्या आधीच वेगळं झालं होतं, मग कैरवान, मग खुरासान. दिव्यांचे रंग बदलले, पण दिवे तेवतच राहिले. आपण कुठे उभे आहोत, हे मी काही वेळ विसरलो.

फ्राउ झायडेलचं बोट कोकणावर थांबलं. तिथे चौलला एक पांढरा ठिपका होता.

"इथवर फौज आली नव्हती."

"नाही. व्यापारी आले आणि राहिले. अरब प्रवाशांनी लिहून ठेवलंय. राज्य दुसऱ्यांचं, म्हणून पांढरा."

त्यांनी पट्टी मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे.

"कान मान झो लासन," त्या म्हणाल्या. म्हणजे, असं ठेवायला हरकत नाही. उत्तर जर्मनीत याला टाळ्यांचा कडकडाट समजतात, हे येन्सने मला बाहेर आल्यावर सांगितलं. मी जिन्यातच पुण्याला फोन लावला, बॅगा भरा म्हणून.

या धंद्यात शिकलो ते एवढंच. माहीत नाही तिथे काळं सोडावं. लोक अंधाराला नावं ठेवत नाहीत, खोट्या रंगाला ठेवतात.

त्या रविवारी बाईंना लिहिलं:

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.
तुम्ही शिकवलेली पद्धत इथे चालली नाही, हे आधी सांगतो. पण नकाशासमोर तासभर गप्प बसायला तुम्हीच शिकवलं, ते चाललं. नोकरी पक्की झाली. स्वाती आणि मुलगी पुढच्या महिन्यात येतात.
नकाशाचा व्हिडिओ तुमच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवला आहे. खोलीत अंधार करून बघा आणि चुका कळवा. मोबाईल आडवा धरा, नाहीतर समरकंद दिसत नाही.
आपला,
संतोष जाधव