डावरी राजकन्या

मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर राजकन्येने उजव्या हाताने तलवार उपसली आणि मी मोठ्याने म्हणाले, "चूक!"

"आई, हा ज्याचा रिमेक आहे त्या जुन्या सिनेमातही उजव्याच हातात होती," लेक कुजबुजली.

असेल. तो जुना सिनेमा मी लहानपणी देवळाली कॅम्पच्या मैदानात पाहिला. पडद्यासमोर पुरुष, पडद्यामागे आम्ही बायका-मुली. मागूनही चित्र दिसावं म्हणून कापड भिजवायचे, पण मागून उजवं ते डावं दिसायचं. ओल्या कापडाचा वास सुटला होता आणि माझी राजकन्या डाव्या हाताने लढत होती!

डाव्या हाताने जेवते म्हणून मी रोज मार खायचे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच हात ताटात घातला. आईने डोळे वटारले.

"आधी राजकन्येला सांग," मी म्हटलं.

नवा सिनेमा संपेपर्यंत मी डाव्या हातानेच पॉपकॉर्न खाल्लं. तलवार चुकीच्याच हातात होती.