आईची बाज उचलली बिहारच्या माणसांनी

मित्रहो, माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. आमच्याकडे फरशी बसवायला बिहारचे कारागीर आलेत. त्यांना ज्वारी रुचत नाही, म्हणून आई दोन्ही वेळा भात टाकते आणि या ज्वारीभक्ताला भाकरी दुर्लभ झाली आहे.

आज सकाळी आई मोरीत घसरून पडली. उठताच येईना. वालूरच्या आमच्या बोळात जीप शिरत नाही. एरवी एका हाकेत शेजारी बाज उचलायला धावतात. सध्या ते ऊसतोडीला गेलेत, दारांना कुलपं आहेत.

हातातली थापी टाकून कारागिरांपैकी राजेश आणि त्याचे सोबती धावले. आईला बाजेवर घालून बाज थेट खांद्यावर घेतली.

"आरं, खांद्यावर नका घेऊ. जित्ती हाय मी अजून."

राजेश हसला. बाज खाली घेऊन, हातांवर तोलत त्यांनी तिला जीपपर्यंत नेलं.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. मी आभार मानायला लागलो, तर राजेश म्हणाला, "हमारी भी माँ है गाँव में. अकेली."

त्याच्या गल्लीतलेही सगळे तरणे बाहेरगावी कामाला गेलेत म्हणे.

खरं सांगतो, तेव्हापासून मला आईची नाही, त्या माउलीची काळजी लागली आहे. ती पडली तर कोण उचलेल?