न झाकलेला घाणा

मी डूख धरते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी टाकून बोललं तर मी तिथल्या तिथं भांडत नाही. मी चहा विचारते आणि ते बोलणं मनात नीट घडी घालून ठेवते. खडीच्या कंपनीच्या मॅनेजरचं एक वाक्य मी असंच ठेवलं होतं.

आमचं गाव तळेगावच्या पुढे, आंदर मावळात शिरताना लागतं. गावापलीकडचा डोंगर फोडून दगड काढतात आणि पायथ्याच्या क्रशरमध्ये त्याची खडी करतात. क्रशर चालू झाला की बारीक पांढरी धूळ उठते, ती वाऱ्याबरोबर आमच्याकडे येते. भाताच्या पातीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, म्हशीच्या पाठीवर, सगळीकडे बसते. त्यामुळे आमच्याकडे एक रीतच पडली आहे. चहा देताना कपावर बशी पालथी घालायची. सोयरिकीला आलेली माणसं आधी हसतात, मग अर्ध्या तासानं आपापल्या कपाळावरून हात फिरवतात आणि बोटांवरची धूळ बघतात.

माझ्या सासूला खोकला लागला तेव्हा तिनं स्वतः क्रशरच्या फाटकावर जाऊन आरडाओरडा केला. म्हातारीला घाबरायचं माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजर घरी आला. तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. अंगणात खुर्ची टाकली, मी चहा आणला, कपावर बशी होती. त्यानं बशी उचलून खाली ठेवली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "मावशी, ही धूळ आमची नाही. तुमच्या अंगणातलीच आहे. जरा झाडलोट करत जा."

सासू उठली. उभा जन्म तिनं दिवस उगवायच्या आत अंगण झाडलं आहे, सणासुदीला सारवलं आहे. ती आत गेली, खराटा घेऊन आली आणि त्याच्या देखत झाडायला लागली. वाकलेली, खोकत. झाडता झाडता खुर्चीपाशी आली तेव्हा त्या माणसानं पाय वर उचलले. तिला खुर्चीखालून नीट झाडता यावं म्हणून. पाय वर धरूनच त्यानं उरलेला चहा संपवला.

त्याचे ते अधांतरी धरलेले बूट मला अजून दिसतात.

पुढे कंपनीनं गावात कौशल्यवर्ग सुरू केले. खाणवाल्यांना गावासाठी असं काहीतरी करून दाखवावं लागतं म्हणे. मुलांसाठी वेल्डिंग आणि पोकलेन चालवण्याचा वर्ग, आणि आम्हा बायकांसाठी चिक्कीचा. लोणावळा जवळ, माल खपायची चिंता नाही. मॅनेजर घरोघर फिरून नावं घेत होता. माझ्या दारात आला तेव्हा सासू आतून म्हणाली, "त्येच्या पैशाचं काय शिकतीस गं?" मी म्हटलं, "त्येच्याच पैशाचं शिकायचंय मला." आणि नाव दिलं.

खोटं कशाला बोलू, वर्ग चांगला होता. लोणावळ्याच्या बाजारातले एक म्हातारे वस्ताद कंपनीनं आणले होते. त्यांनी हातचं राखून काही शिकवलं नाही. गुळाचा पाक थेंबभर गार पाण्यात टाकायचा, गोळी काचेसारखी टिचकन मोडली की कढई खाली. शेंगदाणे घालायचे, तुपाचा हात फिरवलेल्या कडाप्प्याच्या काळ्या फरशीवर पाक-दाण्यांचा तो घाणा ओतायचा, लाटण्यानं सारखा करायचा आणि गरम आहे तोवर कापायचा. चुकलं की वस्ताद लाटणं आपटायचे, जमलं की फक्त "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी आम्ही मरमर मरायचो.

वर्ग भरायचा समाजमंदिरात. तिथल्या खिडक्यांना झडपा नव्हत्या, पण दारावर कंपनीच्या नावाचा फलक मात्र दोन खिडक्या झाकतील एवढा होता. पहिल्या घाण्याचा तुकडा वस्तादांनी तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. दाताखाली धुळीची कच लागली. घाणा ओतला की तो चिकट असतो, त्यावर जे बसेल ते कायमचं बसतं. त्या दिवसापासून त्यांनी नियम घातला. दारंखिडक्यांना ओली लुगडी बांधायची. क्रशर जेवणाला बंद झाला की मगच घाणा ओतायचा. ओतला, कापला की वर बांबूच्या कामट्यांची चौकट आणि चौकटीवर कोरडं मलमल. "झाकल्याशिवाय कुणी खाली बसायचं नाही," ते म्हणायचे. आम्ही बसलो नाही. आमची चिक्की लोणावळ्याच्या दुकानांत विकायला लागली आणि कुणाच्या दाताखाली कधी काही आलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता. शाळेत मला कुणी कधी शाबासकी दिली नव्हती.

मॅनेजरलाही अभिमान होता. दर महिन्याला फोटोवाला घेऊन यायचा. फोटोपुरती ती लुगडी सोडायला लावायचा, बरी दिसत नाहीत म्हणून.

मग चावडीवर नोटीस लागली. पलीकडचा डोंगर संपत आला होता. कंपनीला आता अलीकडचं टेकाड हवं होतं, आमच्या घरांच्या थेट मागचं. त्यासाठी जनसुनावणी होती, जिल्ह्याहून अधिकारी येणार होते. टेकाड गेलं असतं तर क्रशर आमच्या परड्याला येऊन टेकला असता. सासू तेव्हा रात्र रात्र बसून काढत होती, आडवं झालं की खोकला उसळायचा. दुसरीकडे राहायला जाऊ म्हटलं तर म्हणायची, "मी कशापायी जाऊ? त्येला जाऊंदे."

मॅनेजर समाजमंदिरात आला. "ताई, सुनावणीला सगळ्या पाहुण्यांना तुमची चिक्की द्यायची आहे. एकदम फर्स्ट क्लास माल पाहिजे हं, साहेब लोक खाणार." जाता जाता तो असंही म्हणाला, की सुनावणीच्या दिवशी क्रशर बंद राहील, म्हणून तोपर्यंत तो जेवणाच्या सुट्टीतही चालू ठेवणार आहेत.

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला.

घाणा ओतायच्या वेळी मी आणि वाडीवरची माझी मैत्रीण, दोघीच होतो. ती डोंगरातून रोज चालत यायची, पाक बघावा तर तिनंच. तिनं घाणा ओतला, मी लाटला, कापला. बाहेर क्रशर घरघरत होता. ती मलमल घेऊन उभी राहिली. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. मग एकेक करून खिडक्यांची लुगडी सोडली.

ती बघतच राहिली. "अगं, लोकांच्या पोटात जाईल की."

"आपल्या पोटात रोज जातंय."

"वस्ताद काय म्हनतील?"

हे मात्र मला लागलं. माझ्या हातचा माल मीच नासवत होते, आणि तो घाणा असा उतरला होता की वस्तादांनी नक्की "हं" केलं असतं. हात मलमलकडे गेलाही. पण डोळ्यांपुढे ते वर उचललेले बूट आले आणि मी मलमल घडी करून पेटीत ठेवलं.  मैत्रीण माझ्या शेजारी येऊन खाली बसली. घाणा गार होईपर्यंत आम्ही दोघी न झाकता बसलो होतो. इतकं गोड मला कधी काही वाटलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी गाव ओळखू येईना. क्रशर बंद. पहाटेपासून टँकरनं रस्ता धुतला होता, रस्त्याकडेची झाडंसुद्धा पाइपानं धुतली होती. शाळेच्या मैदानात मांडव, मधल्या खुर्चीवर अधिकारी बाई. गावातल्या लोकांनी धुळीचं गाऱ्हाणं मांडलं. मॅनेजरनं माइक घेतला आणि हसून हात फिरवला. "बाई, आपणच बघा. कुठे आहे धूळ?" सगळ्यांनी बघितलं. आंबा हिरवागार चमकत होता. आमची माणसं आपल्याच गावात खोटी पडली.

सासू उठली. "मला बोलायचंय," म्हणाली आणि खोकल्यानं तिचं पुढचं सगळं खाल्लं. मॅनेजर कळवळून म्हणाला, "मावशींना चुलीच्या धुराचा त्रास आहे. आम्ही त्यांना गॅस देणार आहोत." सासू खाली बसली. मी मंचावरच्या चिक्कीच्या डब्यांकडे बघितलं.

मग कंपनीनं गावासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली. वेल्डिंग झालं, पोकलेन झालं. "आणि ह्या आमच्या ताई," म्हणून त्यानं मला मंचावर बोलावलं. टाळ्या वाजल्या. डबे उघडले. अधिकारी बाईंनी एक चौकोन उचलला आणि दातांनी मोडला.

कच्च. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. त्या थांबल्या. पुन्हा सावकाश चावलं. मग रुमाल तोंडाशी नेला आणि रुमालात बघितलं. पलीकडच्या साहेबांचंही तेच झालं.

"यात रेती आहे का हो?" बाईंनी विचारलं.

मॅनेजरनं एक तुकडा तोंडात टाकला. त्याचा चेहरा मी डोळे भरून पाहिला, एखाद्या लग्नातही मी इतकं मन लावून काही पाहिलं नसेल. तो तसाच माझ्याकडे वळला. माइक त्याच्या हातातच होता, तो बंद करायचं भान त्याला राहिलं नाही.

"ताई, तुम्ही हे झाकून ठेवत नाही का?"

मी त्याच्या हातातून माइक घेतला.

"कशापासून झाकायचं, साहेब?"

मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. सासू तेवढी खोकली. मॅनेजरचं तोंड उघडं होतं आणि त्यात माझी चिक्की होती. ती गिळावी की थुंकावी, तेही त्याला ठरवता येईना. बाईंनी रुमाल घडी करून फाइलशेजारी ठेवला आणि टिपणं घेणाऱ्याला म्हणाल्या, "हेही लिहा."

टेकाडाची परवानगी त्यांना मिळाली नाही. निदान अजून नाही. कंपनीनं आठवड्याभरात कढया, शेगड्या, कडाप्पे उचलून नेले, फलकही नेला. आता आम्ही पाचसहा जणी मैत्रिणीच्या वाडीवर, क्रशरपासून लांब, घाणे काढतो. मी लोणावळ्याला जाऊन वस्तादांना सगळं सांगितलं. ते संतापले. म्हणाले, "भांडायचं तर तोंडानं भांडायचं. मालावर राग कशाला काढला?" तोंडानं भांडून झालं होतं, असं मी म्हटलं. त्यांनी मान फिरवली. अजून ते माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या कशाचंच वाटत नाही.

मध्यंतरी मॅनेजर पुन्हा घरी आला. कंपनीला वर्ग परत सुरू करायचा आहे, मी पुढाकार घ्यावा, म्हणत होता. आवाज बराच खाली आला होता. अंगणात खुर्ची टाकली. त्या दिवशी पलीकडे क्रशर जोरात होता. सासू उंबऱ्यात बसून बघत होती, तिच्या हातात कप होता आणि कपावर बशी.

मी त्याला चहा दिला. वर बशी घातली नाही.

तो वर्गाबद्दल बोलत होता, बायकांच्या प्रगतीबद्दल बोलत होता. मी हो हो करत होते आणि त्याच्या कपात बघत होते. चहावर पांढरट तवंग धरला तेव्हा त्यानं एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कप खाली ठेवायला गेला.

"प्या की साहेब," सासू उंबऱ्यातून म्हणाली. "आमच्या अंगनातलीच हाय."

तो प्यायला. चहा तळाला जाईपर्यंत आम्ही दोघींनी त्याला उठू दिलं नाही.