डाव्या कुशीवर

आईला नाही, होस्टेलमधल्या मैत्रिणीला नाही, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्यालाही नाही — हे मी कुणापाशीच बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे.

नागपूरला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. मी कॉन्व्हेंटात शिकलेली; वॉर्डात मराठी बोलताना जीभ अडखळायची, म्हणून गप्प असायची. बरोबरचे मला घमेंडी समजायचे. पंचफुलाबाई तसं समजली नाही. ती कामठीची, विड्या वळणारी, हृदयाची झडप आकसलेली. तिला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप लावला की आतली घरघर इतकी स्वच्छ ऐकू यायची, की आम्ही विद्यार्थी रांग लावायचो. प्रात्यक्षिक परीक्षेत तपासायला असेच पेशंट देत, म्हणून त्यांना परीक्षेपर्यंत थांबवून घ्यायची पद्धतच होती. आमच्यातला एक म्हणायचा, "हिले पलंगाले बांधून ठेवा गा!" सगळे हसायचे. मीही. डॉक्टर कशाला व्हायचं, असं कुणी विचारलं तर आम्हा सगळ्यांचं उत्तर एकच — सेवा. खोटं नव्हतं ते. पण सेवा नंतर, पास झाल्यावर.

परीक्षेच्या आठवड्यातच तिच्या मुलीचं लग्न आलं. तब्येत बरी होती. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन दिवस जाऊन येऊ दे, काही धोका नाही. ते मी ऐकलं होतं — माझ्या कानांनी.

संध्याकाळी तिनं मला जवळ बोलावलं. "ही पोरं म्हणतात रहा, मोठे साहेब म्हणतात जा. तूच सांग वं बाई. तू बोलतेच कमी, तू काहून खोटं बोलशील?"

मी गोंधळले होते का? नाही. ती गेली आणि परतली नाही तर? परीक्षेत कुणाची छाती वाट्याला येईल कुणास ठाऊक — हिची मला पाठ होती. मी तिचा हात हातात घेतला — हो, हातात घेतला — आणि म्हणाले, "गेलात तर मांडवातच जीव जाईल. पोरीच्या डोळ्यांसमोर."

ती राहिली. लग्नाच्या दिवशी नवं हिरवं लुगडं नेसून पलंगावर बसली होती. शेजारच्या बायका चिडवत होत्या — "काहो इहीनबाई, पंगत कवा बसते?" ती हसत होती. मी लांबून पाहिलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

परीक्षेत मला तीच मिळाली. परीक्षक उभे होते. मी काही म्हणायच्या आधीच ती डाव्या कुशीवर वळली.

मी पहिली आले.

तिला सुट्टी मिळाली त्या दिवशी मुलगी न्यायला आली — हातभर नव्या बांगड्या, सोबत नवरा. पंचफुलाबाईनं माझ्याकडे बोट केलं. "हिनंच वाचवलं मले. नाही त तुया मांडवातच गेली असती मी." मुलगी वाकून माझ्या पाया पडली. पदरात बांधून आणलेला लग्नातला बुंदीचा लाडू तिनं माझ्या हातावर ठेवला.

मी तो तिथेच, त्यांच्यादेखत खाल्ला.