मास्तरांचा शरभ आणि माझी खोटी सही

अंबादास मास्तरांशी माझी ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा हैदराबादला मुलींच्या कॉलेजात इंटरला होते आणि सुट्टीत जिंतूरजवळच्या आमच्या गावी आले होते. निजामी अमलाची ती शेवटची वर्षे. कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि गावात उर्दू वाचता येणारी माणसे दोन-तीनच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जुन्या निकालाची नक्कल तहसील कचेरीतून आणवली होती. मी ती वाचली, तर आमच्या मळ्यातली विहीर पूर्वेऐवजी पश्चिमेला दाखवलेली. मी अण्णांना घेऊन जिंतूर गाठले आणि ही नक्कल कोणी केली, असे विचारले. खिडकीजवळच्या डेस्कामागून किरकोळ अंगाचे, काळी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले.

“आमची विहीर चालत पलीकडं गेली का?” मी म्हणाले.

“विहीर जागेवरच असेल, ताई. चूक अस्सलमध्ये आहे,” असे म्हणून त्यांनी दप्तर सोडून मूळ कागद पुढे केला. तिथेही पश्चिमच लिहिले होते.

“मग सुधारून का नाही लिहिलंत?”

“माझी चूक असती तर सुधारली असती. दुसऱ्याची सुधारायचा हक्क नक्कलनविसाला नसतो. दुरुस्तीचा अर्ज करा. मी लिहून देतो.”

अर्ज त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिला. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “भांडायला आलीस आन् काम करून निघालीस.” मला मात्र तो माणूस हट्टी वाटला. पुढे मास्तरांच्या सहवासात अनेक वर्षे गेली आणि ते हट्टी आहेत हे माझे मत कायम राहिले. त्या हट्टाची किंमत कळायला थोडा वेळ लागला, इतकेच. त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहायला बसले आहे ते त्याबद्दलच.

मास्तर मूळचे पेडगावचे. तिथे त्यांनी काही वर्षे मुलांना शिकवले, म्हणून ते मास्तर. नंतर कचेरीत आले. कचेरीतल्या नकलेची एक रीत होती. एकाने अस्सल कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहायचा. याला मुकाबला म्हणत. तो झाला की खाली ‘नक्कल मुताबिक अस्सल’, म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम आहे, असे लिहून दोघांनी सही करायची. बाकीचे लोक कित्येकदा नुसती सही ठोकून मोकळे होत. मास्तरांनी मुकाबल्याशिवाय सही केल्याचे कोणाला आठवत नाही. एकदा वरचे अधिकारी घोड्यावर बसून खोळंबले होते, तरी मास्तरांनी चार पानांचा मुकाबला पुरा केला. घोड्याने तोवर कचेरीच्या दारातली तुळस खाल्ली, असे कचेरीतले वरिष्ठ कारकून, पेशकारसाहेब, सांगत.

या पेशकारसाहेबांमुळेच मला कळले की मास्तर एक कादंबरी लिहीत आहेत. दुरुस्त झालेली नक्कल आणायला गेले, तेव्हा पेशकारसाहेब पानाचा डबा उघडत विचारत होते, “क्या मास्टर, तुमारा जानवर कां तक पोंचा?”

“दुधना नदी ओलांडली, साहेब.”

“पैदल? या अल्ला! उसकू एक टट्टू तो दिला देते!”

तो जानवर म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचा शरभ. वाघाचे तोंड, अंगावर पंख, अशी ही कल्पनेतली श्वापदे जुन्या दरवाजांवर कोरलेली असतात आणि त्यांच्या पंजाखाली बहुतेक एक हत्ती दाबलेला असतो. आमच्या शरभाचा पंजा रिकामा होता. हत्तीचा दगड केव्हातरी निखळून गेला असावा. मास्तरांची विधवा बहीण आमच्या गावात राहत असे. तिचे शेत पाहायला मास्तर दर शुक्रवारी, कचेरीच्या सुट्टीला, सायकलने येत. वेशीखालून जाता-येता तो रिकामा पंजा पाहून त्यांना वाटले, हत्ती पळून गेला असेल तर? आणि शरभ त्याला शोधायला निघाला तर? एवढ्यावर त्यांनी तीनशे पाने लिहिली.

ती पाने ते शुक्रवारी दुपारी वेशीच्या ओट्यावर बसून वाचून दाखवत. पंधरा-वीस माणसे जमत. पुढे बसायची ती गिरजाबाई, मेंढरे राखणारी, साठीची बाई. तिला अक्षर येत नव्हते, पण तिच्यासमोर काही लपत नसे. तिसऱ्या प्रकरणात तिने मास्तरांना थांबवले.

“मास्तर, तुमचा शरभ नुसता चालायलाय. खातो कवा?”

“तो दगडाचा आहे, गिरजाबाई.”

“दगडाचा हाय तर पाय कसं उचलायलाय? पाय उचलतो त्याला भूक लागती.”

लोक हसले. मी तर मनातल्या मनात तिला गप्प बसवले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागद मिटले आणि पुढच्या शुक्रवारी नवे प्रकरण आणले. त्यात शरभाला जन्मात पहिल्यांदा भूक लागते. आपल्याला काय होते आहे हे त्याला कळत नाही आणि एक म्हातारी मेंढी ते त्याला समजावून सांगते. पुस्तकातले ते सर्वांत चांगले प्रकरण आहे. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी इतक्या वर्षांत जेवढे शिकवले नसेल तेवढे त्या दिवशी मी पाहिले. शिकले मात्र उशिरा.

दिवस बिघडू लागले होते. गावोगावच्या बातम्या चांगल्या नव्हत्या, म्हणून सुट्टी संपली तरी अण्णांनी मला हैदराबादला परत पाठवले नव्हते. एकच प्रत एका जागी असू नये म्हणून मास्तरांनी मला नक्कल करायला सांगितले. माझे अक्षर चांगले होते. प्रत्येक प्रकरण मी उतरवून काढायचे, शुक्रवारी आम्ही मुकाबला करायचा आणि दोघांनी खाली सही करायची. राजा, राज्य, दरबार यांचा ज्यात उल्लेखही नाही अशा पोथीवर कचेरीची ही मोहर मला गमतीची वाटे. मास्तरांना त्यात काही गमतीचे वाटत नसे.

मग शेवटचे प्रकरण आले. गोदावरीकाठी शरभाला हत्ती सापडतो. म्हातारा झालेला, डोळ्यांनी अधू. आता शरभ त्याला घेऊन येणार, म्हणून ओट्यावरची माणसे सरसावून बसली. शरभ एवढेच विचारतो, “तुला दुखत होतं का?” हत्ती उत्तर देतो. दोघे थोडा वेळ पाण्यात उभे राहतात. मग शरभ एकटा परत येतो आणि वेशीवर आपल्या जागी उभा राहतो, पंजा तसाच रिकामा. संपले.

मला ते पटले नाही. मी इंटरला होते, टीकाशास्त्राची दोन पुस्तके वाचली होती. शोधाला निघालेल्याने शोधलेली वस्तू आणलीच पाहिजे, नाहीतर एवढी पायपीट कशासाठी? पुढच्या शुक्रवारी मुकाबला व्हायचा होता. पण त्याआधीच शेजारच्या गावी जाळपोळ झाली आणि अण्णांनी आम्हा सगळ्यांना सरहद्दीपलीकडे वाशीमला आजोळी पाठवायचे ठरवले. मी घाईने शेवटचे प्रकरण उतरवले. आणि उतरवता उतरवता बदलले. माझ्या नकलेत हत्ती आपल्या पायांनी शरभाबरोबर परत आला, आपण होऊन पंजाखाली निजला आणि गावाने तोरणे बांधली. खाली मी ‘नक्कल मुताबिक अस्सल’ लिहिले आणि सही केली. मास्तरांच्या सहीची जागा मोकळी होती. अस्सल पाने त्यांच्या बहिणीकडे दिली आणि नक्कल घेऊन गाडीत बसले.

पुढच्या साली निजामी संपली. आम्ही परत आलो. आमच्या मागोमाग मास्तरांनाही घर सोडावे लागले होते. जाण्यापूर्वी त्यांनी अस्सल बहिणीकडून आणून, कापडात बांधून पेडगावच्या घरच्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, ठेवले होते. दोन पावसाळ्यांचे पाणी त्यात उतरले होते. पेव उघडले तेव्हा हाताला चिखल लागला. अण्णांनी मला हे सांगितले तेव्हा मी चुलीपुढे होते. भाकरी करपली. आता जगात त्या कादंबरीची एकच प्रत होती आणि तिचा शेवट माझा होता.

मी नक्कल घेऊन मास्तरांकडे गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते, पण नक्कल नुसती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी शेवटचे प्रकरण वाचले, सावकाश, दोनदा. मी बोलणी खायची तयारी केली. त्यांनी पान उलटे करून माझ्यापुढे धरले आणि सहीवर बोट ठेवले.

“मुकाबला राहिला होता ना?”

“हो.”

“मग सही कशी केलीत, कुसुमताई?”

शेवट का बदलला, हे त्यांनी विचारलेच नाही. त्या वेळी काय, नंतर काय, कधीच विचारले नाही. मी रडायची नाही. लहानपणापासून मला ती सवय नाही.  मी एवढेच म्हणाले, “आता मुकाबला कशाशी करणार? अस्सल तर गेलं.”

“कुठं गेलं? वेशीवर आहे. शुक्रवारी या.”

सुट्टी आता रविवारी असे, तरी ते शुक्रवारीच आले. ओट्यावर पूर्वीचीच माणसे बसली होती. काहीजण नव्हते. गिरजाबाई पुढे होती. तिची निम्मी मेंढरे त्या वर्षात गेली होती. मास्तरांनी मला नक्कल वाचायला लावली. हत्ती परत निघाला तेव्हा ओट्यावर चुळबुळ झाली. तो पंजाखाली निजला तेव्हा गिरजाबाई ओरडली, “थांब, पोरी! ह्यो कुठला हत्ती? आमचा हत्ती न्हाई आला माघारी.”

“मीच तसं लिहिलं, मावशी,” मी सगळ्यांसमोर म्हणाले.

“का गं? सुटलेलं जनावर पुन्ना पायाखाली घालतीस? शिकलेली ना तू?”

कोणी हसले नाही. त्या एका वर्षात गावाने काय काय पाहिले होते, ते त्या ओट्यावर प्रत्येकाला ठाऊक होते. मी पान खाली ठेवले.

मास्तरांनी कोरा कागद घेतला. “गिरजाबाई, तुम्ही सांगा. मी लिहितो.”

तिने सांगितले. मधे कोणी शब्द घातला, कोणी नाही म्हणाले, कोणी नदीचे पाणी गुडघ्याला होते की कमरेला यावर वाद घातला. मास्तर खोडत, लिहीत होते. शरभाने विचारले, तुला दुखत होतं का. गिरजाबाई थांबली. मग म्हणाली, “हत्ती म्हनला, आदी लय दुखायचं. मग वाटायचं, ह्याचा बी पाय अवघडला असंल.”

मास्तरांनी टाक उचलून धरला. “हे मी लिहिलं होतं?”

“तुमीच वाचलं की! का मी आनलं मेंढरांकडनं?”

मास्तरांच्या मूळ पानात हत्तीचे उत्तर चांगले आठ ओळींचे होते. मी ते उतरवताना वाचले होते, म्हणून मला पक्के आठवत होते. मी सांगायला तोंड उघडले, तर मास्तरांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ओट्यावर कोणाला वेगळं आठवतं का?” दुसऱ्या कोणाला आठवत नव्हते. त्यांनी गिरजाबाईचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. कागद पुरा झाल्यावर तो पुन्हा वाचला, लोकांनी मान डोलावली. मग त्यांनी खाली ‘नक्कल मुताबिक अस्सल’ लिहिले. मला सही करायला लावली, स्वतः केली आणि गिरजाबाईचा अंगठा घेतला. ‘वेशीवरचा शरभ’ ही कादंबरी छापून आली तेव्हा वाचकांनी त्या वाक्याची फार वाहवा केली. मास्तर प्रत्येकाला सांगत, ते गिरजाबाईंचे आहे. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता. ती नोंद होती.

त्यानंतर मी बी.ए. झाले, जिंतूरला शाळेत शिकवू लागले. अण्णांना मुलीने नोकरी करणे मान्य नव्हते, तेव्हा मास्तर सायकल मारत आले आणि दोन तास त्यांच्यासमोर बसले. बोलले फार थोडे. शेवटी अण्णाच कंटाळून म्हणाले, “न्या बाबा शाळेत, पण उठा आता.” तीस वर्षे मी निबंध तपासले. मुलीने काही विचित्र लिहिले तर ते सुधारण्याआधी तिला विचारायचे, हा माझा नियम मास्तरांकडून आलेला आहे.

हा लेख पाठवण्यापूर्वी मी तो मास्तरांना वाचून दाखवला. आता त्यांना कमी दिसते, पण कान तिखट आहेत. एका ठिकाणी मी लिहिले होते की त्यांनी मला मोठ्या मनाने क्षमा केली. ते म्हणाले, “क्षमा कुठं केली? मुकाबला केला.” मी ते वाक्य काढून टाकले आहे. आणखी एके ठिकाणी विशेषण जास्त झाले होते, तेही काढले. आठ ओळींच्या उत्तराची गोष्ट ऐकून मात्र ते म्हणाले, “मला आठवत होतं. पण तिचं चांगलं होतं.” इतक्या वर्षांनी कळलेली ही गोष्ट तेवढी ठेवू द्या, अशी परवानगी मी मागितली आणि ती मिळाली.

गिरजाबाई आता नाहीत. ओट्यावरच्या त्या माणसांपैकी मास्तर आणि मी, दोघेच उरलो. शरभ वेशीवर आहे, पंजा रिकामा आहे. मास्तरांना पुष्कळ वर्षे निरोगी आयुष्य लाभो. आमच्याजवळ राहिलेले अस्सल आता तेच एक आहेत आणि अजून बऱ्याच नकला ताडून पाहायच्या आहेत.

मुकाबला झाला. सही करते.

कुसुम