मावशीच्या शब्दावर

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या शहरात पत्रिका कितीही छापल्या, तरी तोंडी बोलावणं आल्याशिवाय जुन्या वस्तीतलं कुणी लग्नाला जात नसे. ते बोलावणं दारोदार पोचवायची महर्झियामावशी. पांढरी चादर अंगभर लपेटून ती कडी वाजवायची. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तिला पाठ, म्हणून रुसलेल्यालाही ती बोलता बोलता मांडवात आणून बसवायची. नवरा तरुणपणीच समुद्रात बुडाला, मूलबाळ नव्हतं. गल्लीच तिचं माहेर आणि सासर.

साथ आली त्या वसंतात लग्नं थांबली. कॉफीची दुकानं बंद झाली, मशिदीतून घरीच नमाज पढायला सांगू लागले. नगरपालिकेची गाडी कर्णा लावून फिरे आणि लोक खिडक्या लावून घेत. खोकणारी माणसं आतल्या खोलीत दडवली जात होती. तेव्हा वॉर्डाचे अधिकारी लतीफसाहेब स्वतः मावशीच्या दारी आले. कर्ण्याला कुणी दार उघडत नाही, तुम्हाला उघडतात, असं म्हणाले. ज्याला ताप असेल त्याने फक्त कळवावं. डॉक्टर घरी येईल, औषध घरी मिळेल, एवढंच सांगायचं होतं.

मावशीने पुन्हा पुन्हा विचारलं, "कुणाला उचलून नेणार नाही ना?"

"नाही. नावसुद्धा बाहेर जाणार नाही. आईची शपथ."

मावशी निघाली. तोंडाला फडकं बांधून, उंबऱ्यापासून लांब उभी राहून सांगू लागली. बायका हसायच्या, "कुणाचं लग्न काढलंस, मावशी?"

"तापाचं. त्या वऱ्हाडात जाऊ नका, एवढंच सांगायला आलेय."

जाळी विणणाऱ्या हमादीने मात्र दार अर्धवटच उघडलं. त्याची बायको सालहा आत खोकत होती. सालहाच्या लग्नाची बोलावणी मावशीनेच केली होती, तिच्या बाळंतपणांना उशाशी तीच बसली होती. हमादी म्हणाला की सरकारवर त्याचा काडीचा भरवसा नाही. तेव्हा आतून सालहाच बोलली, "मावशी, तू सांगतेस म्हणून कळवते हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं आली आणि सालहाला चालवत घेऊन गेली. पोरं जिन्यावरून आई, आई करत राहिली. गल्लीला लोखंडी अडसर लागला. दुपारी रेडिओवर गल्लीचं नाव आलं, 'जाळीवाल्याची बायको' असंही आलं. संध्याकाळी पाववाल्याने हमादीच्या पोरांना लांबूनच हाकललं. मावशीने रव्याची भाकरी भाजून नेली, तर हमादीने ती न घेता दार लावलं.

अडसरावरच्या शिपायाच्या हातापाया पडून मावशी कचेरीत गेली. लतीफसाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. वरून हुकूम बदलला, असं काहीतरी ते म्हणतील अशी तिला आशा होती. त्यांनी तेवढंही केलं नाही.

"नेणार हे आधीपासून ठरलेलं होतं, मावशी. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता का?"

मावशी खुर्चीवरून उठली.

"ती घरात राहिली असती तर पोरांनाही झाला असता. हिशेब चुकलेला नाही."

"माझ्या तोंडून खोटं बोललात तुम्ही," ती म्हणाली. "स्वतःच्या तोंडून बोलायचं होतं."

त्यानंतर मावशीला कुणी दार उघडेना. पावलं ओळखून लोक आत दिवे मालवत. पलीकडच्या बोळातल्या म्हाताऱ्या चांभाराला ताप चढला, तो घरच्यांनी कुणाला कळू दिला नाही. म्हातारा दम लागून गेला तेव्हाच कळलं. त्याच्या सुनेने मावशीला भर गल्लीत विचारलं, "सांगितलं असतं तर तू कुणाला पाठवलं असतंस, डॉक्टरला की त्या पांढऱ्या कपडेवाल्यांना?"

सालहा बरी होऊन परतली, निम्मी झालेली. शहराबाहेरच्या वसतिगृहात अनोळखी बायकांमध्ये तिने दिवस काढले होते. मावशी भेटायला गेली, तेव्हा तिने दार पूर्ण उघडलं, पाणी विचारलं, आणि म्हणाली, "बसा ना तुम्ही."

तिने आयुष्यात मावशीला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मावशी बसली नाही.

लग्नं पुन्हा सुरू झाली, पण बोलावणी फोनवरून जाऊ लागली. मावशी शेजारणींच्या मिरच्या कुटून देऊ लागली. लस आली तेव्हा लतीफसाहेबांनी, पुन्हा दारोदार सांगायला जा म्हणून, माणूस पाठवला. मावशीने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पण शुक्रवारी ती एकटीच चादर लपेटून गेली आणि लस घेऊन आली.

वाटेत विहिरीजवळ दोघीतिघींनी अडवलं. दंड धरून चालतेयस, म्हणजे घेतलीस वाटतं; आम्ही घ्यावी का?

"मी घेतली," मावशी म्हणाली. "तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका. डॉक्टरला जाऊन विचारा."

आणि दंड चोळत ती घराकडे वळली.